अनुभव धागा: सूड, राग आणि घराण्यात उतरलेला अबोला

धागा काढताना: भाऊबंदकी आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतही आहे. बांधावरून दोन-दोन पिढ्या बोलणं बंद, आणि रविवारी दोघं चुलतभाऊ एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर. पाळकीय काम, समुपदेशन, संडे स्कूल करणाऱ्यांनी नेमकं काय करावं आणि कुठे बिघडतं ते लिहावं. कुणाच्या घरची कहाणी नको, ओळख पटेल असं काही नको.

पायवाट:
पहिली चूक सांत्वन करणाऱ्याचीच असते: "झालं गेलं विसरून जा." बायबलमधलं रोमकरांस पत्र १२:१९ असं म्हणत नाही. सूड घेणं देवाकडे आहे, त्याच्या क्रोधाला वाट द्या, असं तिथे आहे. म्हणजे आपलं येणं, आपल्याला मिळायला हवं होतं ते, खरं आहे, फक्त वसुली आपल्या हातात नाही. म्हणून ते देवाकडे सोपवण्याआधी लिहून काढावं. एका कागदावर चार ओळी: काय केलं, केव्हा, त्यात माझं काय गेलं, मला काय मिळायला हवं होतं. "त्याने आयुष्याची वाट लावली" हे इतकं मोघम आहे की सोपवताच येत नाही. "वडिलांच्या आजारपणाचा हिशेब मागितला तर सगळ्यांसमोर चोर म्हणाला" हे सोपवता येतं.
मग स्तोत्र १३ मोठ्याने वाचावं. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत चार वेळा "कोठवर" हा प्रश्न. दगा जवळच्या माणसाने दिला असेल तर स्तोत्र ५५. स्तोत्र १०९ मधले शाप वाचून लोक दचकतात, पण ते देवापुढे बोललेले आहेत, शत्रूच्या दारात जाऊन नाही. राग काही दिवसांनी परत उसळतोच. तेव्हा क्षमा खोटी होती असं समजू नये, तोच कागद काढून पुन्हा सोपवावा. "सत्तर वेळा सात" क्षमा करा (मत्तय १८:२२) हे एकाच जुन्या जखमेसाठीही लागू शकतं, असं माझं मत.

चिंचेचं झाड:
घराण्याचा कित्ता पाहायचा तर चार्टपेपर घ्या आणि तीन पिढ्या मांडा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. भांडण असेल तिथे नागमोडी रेघ. संबंध तुटले असतील तिथे सरळ रेघेला मधे दोन छोटे आडवे छेद. प्रत्येक नावाखाली एकच वाक्य: राग आला की हे माणूस काय करायचं? ताट सारायचं, आरडाओरडा करायचं, की महिनाभर बोलायचं नाही? सुरुवात आजी-आजोबांपासून करावी. स्वतःपासून केली की माणूस लगेच बचावाला लागतो.
आधी नमुना म्हणून उत्पत्तीतलं घर काढावं. अब्राहामाने बायकोला बहीण म्हणून सांगितलं, इसहाकानेही तेच केलं. इसहाकाचा लाडका एसाव, रिबकेचा याकोब. पुढे याकोबाचा लाडका योसेफ. आणि करडू पाहा. याकोबाने हातांना करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या बापाला फसवलं. तोच याकोब म्हातारा झाल्यावर त्याच्या मुलांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा त्याच्यापुढे ठेवला. हे दोन बाण कागदावर काढले की आपल्या कागदावर कुठे पाहायचं ते बहुतेकांना कळतं.
योसेफाला विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. भावांना ओळख दिली तेव्हा साधारण ३९. मधे त्याने धाकटा भाऊ बन्यामिन याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून पारखलं: धाकट्याला हे पुन्हा टाकून जातात का? त्यांच्यातला यहूदा बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, त्यानंतरच योसेफाने ओळख दिली. तरीही १७ वर्षांनी बाप वारताच भाऊ पुन्हा धास्तावले (उत्पत्ती ५०:१५). क्षमा मिळालेल्याला ती पटायला इतका काळ लागू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

घंटानाद:
"पिढ्यांचा शाप तोडण्याच्या" प्रार्थनांबद्दल थोडक्यात. निर्गम २०:५ वाचून तिसऱ्या-चौथ्या पिढीपाशी थांबतात. पुढच्याच वचनात हजारो पिढ्यांवर दया आहे. यहेज्केल १८ तर बापाने आंबट द्राक्षं खाल्ली नि पोरांचे दात आंबले ही म्हणच बंद करायला सांगतो. सवय उतरते, दोष उतरत नाही. आजोबांच्या नावाने तासभर प्रार्थना होते आणि नातू घरी जाऊन तसंच ताट भिरकावतो. त्याला त्या ताटाबद्दल विचारा.

बांधावरचा:
मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्याने जायचं. बिघडतं इथेच: भावाकडे जाण्याआधी गोष्ट मेव्हण्याला, बहिणींना आणि व्हॉट्सॲप ग्रुपला कळलेली असते. एका भेटीत एकच विषय. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्या पायरीला सोबत न्यायचे एक-दोन साक्षीदार समोरच्यालाही मान्य हवेत. लग्न, बाप्तिस्मा, दफन हे दिवस टाळा. पहिलं कुणी जायचं हा वादच नको: मत्तय ५:२३ दुखावणाऱ्याला पाठवतं, १८:१५ दुखावलेल्याला.
वाद बांधाचा असेल तर आधी ताजा सातबारा, फेरफार आणि भूमी अभिलेखची मोजणी. दगड नेमका कुठे हवा हे ठरल्याशिवाय समेटाची प्रार्थना अर्धवट राहते. याकोब आणि लाबान यांनीही (उत्पत्ती ३१) दगडांची रास रचली आणि वाईट हेतूने ती कुणी ओलांडायची नाही असं ठरवलं. मग एकत्र जेवले, आणि सकाळी आपापल्या वाटेने गेले. असाही समेट शास्त्रात आहे. एकाच चुलीवर परत आलंच पाहिजे असं नाही.

कंदील:
वरच्या पायऱ्या मारहाण होणाऱ्या घराला लावू नका. मार खाणाऱ्या बायकोला नवऱ्याकडे "एकट्याने जाऊन" बोलायला सांगणं म्हणजे तिला पुन्हा माराच्या तोंडी देणं. रोमकरांस १२ संपतो तिथेच १३ सुरू होतो, आणि वाईट करणाऱ्याला शासन करायला देवाने अधिकारी नेमला आहे असं चौथं वचन सांगतं. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. तेव्हा तक्रार करणं म्हणजे सूड नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. पाळकांनी हे दोन आकडे चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळांशेजारी लिहावेत.