फ्लॉवरवर जाळी घातली होती का कधी? अनुभव लिहा

झारी
काल माळा आवरताना जुनी मच्छरदाणी सापडली. एका कोपऱ्याला अजून वाळलेली माती चिकटलेली. ती बघितली आणि आमचा पहिला जाळीतला फ्लॉवर आठवला, म्हणून हा धागा.

बाबांनी आणि मी बारा रोपं लावली होती. आदल्या वर्षी पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांनी पानांची पार चाळण केलेली, त्यामुळे या खेपेला बाबा इरेला पेटले. कामट्या वाकवून कमानी, वर मच्छरदाणी, कडेनं विटा. फुलपाखरं यायची, जाळीवर घिरट्या घालायची, आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसायचे. "बसा म्हणावं आता बोंबलत!" पाणीसुद्धा वरूनच. तीन आठवडे जाळी कोणी उचलली नाही.

उचलली तेव्हा बारापैकी सात रोपांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. अळ्या रोपांबरोबरच आल्या होत्या. लावताना पानं उलटून बघायचं आम्हाला सुचलंच नाही. वर पक्षी नाहीत, गांधीलमाश्या नाहीत, कोणाची भीती नाही. अळ्यांचं माहेरपण केलं आम्ही. बाबा दोन दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्याकडे काय झालं? फजिती असेल तर आधी लिहा.

उंटअळी
"अळ्यांचं माहेरपण" 😂😂 माझा आयडी बघून तरी जरा सांभाळून लिहा हो

पालापाचोळा
आमची जाळी पानांना टेकत होती. फुलपाखरू बाहेरच बसतं, पोटाचं टोक छिद्रातून आत घालतं आणि पानावर अंडी घालून मोकळं. माझ्या डोळ्यांदेखत. हाकलायचंही सुचलं नाही, इतकं ते शांतपणे चाललं होतं. कमानी उंच करा. रोप लहान असताना जागा भरपूर वाटते, नंतर पानं अशी पसरतात की जाळीला फुगे येतात.

रिकामटेकडा
अडाणी प्रश्न आहे, हसू नका. सगळं झाकलं तर मधमाश्या येणार कुठून? मग फ्लॉवर धरणार कसा?

वाफसा
@रिकामटेकडा गड्डा हे फळ नाही. कळ्या पूर्ण घडायच्या आधीच थांबलेला, दाटून बसलेला फुलोरा आहे तो. त्याला परागीभवन लागत नाही. त्यामुळे लावल्या दिवसापासून काढेपर्यंत जाळी ठेवली तरी चालते. बी धरायचं असेल तरच माश्या हव्यात. काकडी-भोपळ्याला मात्र असं कोंडू नका.

आणि सगळ्यांनी छिद्र बघून जाळी घ्या. पक्ष्यांची जाळी फुलपाखराला दरवाजासारखी असते. पांढऱ्या फुलपाखरासाठी 7 मिमीपेक्षा मोठं छिद्र नको. खरा चोर चौकोनी ठिपक्यांचा पतंग. जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मा. त्याला अडवायचं तर 1.35 मिमी किंवा त्याहून बारीक. त्याची अळी ओळखायची खूण म्हणजे हात लावला की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लटकते. याला फवारणीचं फार कौतुक नाही. डीडीटीला दाद न देणारे पतंग 1953 मध्येच जावा बेटावर नोंदले गेलेत. म्हणून मी जाळीवाला.

रिकामटेकडा
ओह.
म्हणजे चार वर्षं मी रोज सकाळी एक तास जाळी उघडी ठेवून माश्यांची वाट बघत होतो.

झारी
@रिकामटेकडा 🙏🙏 बाबांना वाचून दाखवलं. खूप दिवसांनी इतके हसले.

उंटअळी
चार वर्षं!!! आल्या का पण माश्या?

रिकामटेकडा
पांढरी फुलपाखरं आली.

गच्चीतली
घाईत लिहितेय, दूध तापतंय. माझ्याकडे फुलपाखरू एकही शिरलं नाही पण मावा असा माजला की पानांची मागची बाजू राखाडी. इवलेसे असतात, बारीक जाळीतूनही शिरतात. आणि त्यांना खाणारे लाल ठिपक्यांचे किडे, लेडीबर्ड, ते बाहेर! जाळीवर चालताना दिसायचे मला, बिचारे आत बघतायत. शेवटी दुसऱ्या झाडावरचे दहा-बारा डबीत धरून आत सोडले. निम्मे लगेच जाळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसले, बाकीच्यांनी काम केलं. शिवाय रोज पाण्याचा जोरात फवारा पानांच्या मागून. गेलं दूध

पालापाचोळा
दूध गेलं का ताई?

गच्चीतली
गेलं. ओटा पुसून आले.

बुंधा
आमच्याकडे दुसऱ्या वर्षी फसलं. पहिल्या वर्षी जाळी उशिरा घातली होती, थोड्या अळ्या झाल्या, हरकत नाही म्हटलं. पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात, यंदा अगदी पहिल्या दिवसापासून जाळी, कडा मातीत गाडलेल्या, मुंगी शिरणार नाही असं. आठवड्याभरात आत पतंग उडताना! तंबाखूच्या अळीचे कोष जमिनीतच होते. आता जागा बदलतो. कोबी, मोहरी, मुळा, नवलकोल हे सगळे एकाच कुळातले, त्यांच्यामागूनही फ्लॉवर लावत नाही.

सावली
माझा विषय जरा वेगळा. गड्डा पिवळा पडला. मला वाटलं जाळीनं ऊन अडेल आणि पांढरा राहील.

वाफसा
@सावली जाळीतून ऊन भरपूर जातं. गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची मोठी पानं वर ओढून सैलसर बांधा. बांधण्याआधी आत डोकावून बघा, नाहीतर झारीताईंचं होईल तसं. पिवळा झालेला खायला काही वाईट नसतो.

सावली
धन्यवाद. आणि गड्डा लिंबाएवढाच राहिला, तोही जाळीमुळे?

वाफसा
रोपं ट्रेमध्ये जास्त दिवस राहिली होती का?

सावली
दोन महिने 🙈 प्रवासात होते

वाफसा
मग जाळी निर्दोष आहे. चार-पाच आठवड्यांची रोपं लावायला हवीत. मुळं कोंडली की रोप घाबरून लवकर गड्डा धरतं.

निवांत
वाचते आहे सगळं. लिहावं की नाही कळत नव्हतं. आम्ही पक्ष्यांसाठीची मोठ्या छिद्रांची जाळी सैल टाकली होती, कडा जमिनीवर लोळत. सकाळी त्यात साप अडकलेला, बिनविषारी. जितका सुटायला बघत होता तितके वेढे घट्ट. सर्पमित्रांनी येऊन कात्रीनं एकेक धागा कापला, अर्धा तास लागला. सोडल्यावर हळूहळू गेला, पण वाचला की नाही माहीत नाही. फ्लॉवर चांगला आला त्या वर्षी, मला काढावासा वाटेना. आता बारीक जाळी, ताणून, कडा पुरलेल्या, आणि रोज सकाळी एक फेरी.

गच्चीतली
अगं बाई. तू बोलावलंस ना कुणाला, ते महत्त्वाचं.

झारी
निवांत, बरं झालं लिहिलंस. ही मच्छरदाणी अशीच सैल टाकणार होते, आता ताणूनच बांधते.

उंटअळी
आमच्या मांजरानं ताणलेल्या जाळीचा झोपाळा केला होता. मधोमध झोपायचं. खाली चार रोपं चपटी. एकाचा गड्डा आला तोसुद्धा वरून सपाट, ताटलीसारखा. हाकललं की दोन मिनिटांत परत. मग कमानींच्या मध्ये एक आडवी काठी बांधली तेव्हा त्याला टोचायला लागलं.

बुंधा
फोटो?

उंटअळी
गड्ड्याचा की मांजराचा?

बुंधा
मांजराचा

रिकामटेकडा
एक शेवटचं. ब्रोकोलीलाही माश्या नको ना?

वाफसा
नको.

रिकामटेकडा
बरं.