साईटवर कुलूप होतं तरी कार्डावरून पैसे गेले, चुकलं कुठे?

नवी_सदस्य
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात एका जाहिरातीवरून बूट मागवले, साईट अनोळखी होती पण वर कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून कार्ड नंबर टाकून मोकळी झाले. बूट आलेच नाहीत, ते एक वेळ जाऊ दे. पण काल पहाटे तीनला मेसेज, कार्डावरून अगदी चिल्लर रक्कम गेली, दुकानाचं नावही कधी ऐकलेलं नाही. दहा मिनिटांनी परत तेवढीच. ओटीपी आलाच नाही! घरचे म्हणतात एवढ्याशासाठी बँकेच्या फोनवर अर्धा तास कोण ताटकळणार, सोडून दे. मला मात्र झोप नाही. सोडून देऊ का?

रात्रपाळी
ताई, अजिबात सोडू नका. आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा आणि मग पुढचं वाचा.

ती छोटी रक्कम म्हणजे चाचणी असते. चोरांकडे कार्ड नंबर ढिगाने असतात, त्यातले चालू कुठले हे बघायला आधी किरकोळ पैसे काढतात, ते गेले की मग मोठा हात मारतात. मी बँकेच्या तक्रार विभागात काही वर्षं रात्रपाळी केलीय, मोठी रक्कम गेल्यावर रडकुंडीला येऊन फोन करणारे कितीतरी जण सांगायचे की आधी थोडेसे गेलेले दिसले होते पण लक्ष दिलं नाही. तेव्हा फोन कराच, हा व्यवहार माझा नाही अशी तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि नवीन नंबरचं कार्ड मागा. फोन कार्डामागे छापलेल्या नंबरवरच करा, सर्च करून मिळालेल्या नंबरवर नको, तिथे खोटे कस्टमर केअरवाले टपलेले असतात.

ओटीपीचं म्हणाल तर तो सगळीकडे लागत नाही. परदेशातल्या बऱ्याच साईटवर नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा आकडा) एवढ्यावर काम होतं, काही ठिकाणी तर सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत. म्हणून आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण ॲपमध्ये बंद ठेवायचं, लागेल तेव्हाच चालू करायचं.

कोडवाला
कुलपाबद्दल सांगतो कारण हा गैरसमज फार लोकांना महागात पडतो. कुलूप म्हणजे तुमच्यापासून साईटपर्यंत माहिती जाताना वाटेत कुणी वाचू शकत नाही, बस एवढंच. पलीकडे चोर बसलाय की साव हे ते सांगत नाही. त्यासाठीचं सर्टिफिकेट फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोरालाही मिळतं. याच गोंधळापायी क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

आणि साईट खरी असली तरी निर्धास्त राहू नका. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या खऱ्या साईटमध्ये चोरांनी जेमतेम 22 ओळींचा कोड घुसवला होता, लोक तिकीट काढताना कार्डाची माहिती भरायचे आणि ती तशीच्या तशी चोरांकडेही जायची. सीव्हीव्हीसकट. पानावर बघून कुणालाही काही कळलं नसतं. त्यामुळे माझं मत असं की नंबर कधी ना कधी फुटणार असं धरूनच चालायचं. ऑनलाइनसाठी वेगळं, कमी लिमिटचं क्रेडिट कार्ड ठेवा, बँक व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे प्लास्टिकचं नाही तर फक्त ॲपमध्ये असणारं वेगळ्या नंबरचं कार्ड, देत असेल तर फारच उत्तम. डेबिट कार्ड तर नकोच, त्यात पैसे थेट तुमच्या खात्यातून जातात आणि भांडण मिटेपर्यंत तुम्ही रिकाम्या हाताने.

वाचक_७
ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. त्यात बहुतेक वेळा रक्कम आणि दुकानाचं नाव असतं, आपण फक्त सहा आकडे बघून पळतो. आणि रिफंडसाठी ओटीपी लागत नाही, मागितला की समजा पैसे काढायला मागतोय.

नवी_सदस्य
कार्ड ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक मिळाला, खूप खूप आभार. पण एक गोष्ट आता दिसली. स्टेटमेंट मागे सरकवत गेले तर बूट मागवायच्या चार दिवस आधीही अशीच एक छोटी रक्कम गेलीय, म्हणजे नंबर त्या साईटवरून फुटलाच नव्हता??

रात्रपाळी
बरोबर, आधीच कुठून तरी गेला असणार. तो व्यवहारही आजच त्याच तक्रारीत घालायला सांगा, वेगळा फोन करावा लागला तरी करा, आणि तीन-चार महिन्यांची स्टेटमेंट ओळन् ओळ बघून काढा.