फ्रंट लोड मशीनचा आवाज: आधी घरी तपासावं की सरळ मिस्त्री बोलवावा?

बेसारोड
माझं स्पष्ट मत आहे: मशीन आवाज करायला लागली की लगेच मिस्त्रीला फोन लावू नये. आपल्या नागपुरात बरेच जण दारातूनच "बेअरिंग गेलं" म्हणून मोकळे होतात. आधी आवाज नेमका कधी येतो ते ऐका. पाणी भरताना, ड्रम हळू फिरताना, पाणी सोडताना की स्पिनमध्ये?

फक्त पाणी सोडताना खडखड होत असेल तर पंपात काहीतरी अडकलं आहे. खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा, परात ठेवून आधी साचलेलं पाणी काढा, मग फिल्टर फिरवून बाहेर घ्या. आमच्याकडे शाळेच्या शर्टाचं बटण, दोन रुपयांचं नाणं आणि केसांची पिन निघाली. पंप शांत झाला.

ड्रमच्या प्रत्येक फेऱ्याला खर्र असा घासल्याचा आवाज आला तर ब्रेसियरची तार छिद्रातून ड्रमखाली गेली असण्याची शक्यता मोठी. आणि स्पिनचा वेग वाढेल तशी घरघर वाढत जाऊन विमान उडाल्यासारखी झाली, तर बेअरिंगचा संशय घ्या. प्लग काढून रिकामा ड्रम वरच्या काठाला धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब सोबत हलले तर काळजी नाही, टब स्प्रिंगांवरच टांगलेला असतो. पण टब जागेवर आणि ड्रम तेवढा टक-टक हलला, तर बेअरिंग ढिलं झालं किंवा ड्रमला मागून शाफ्टशी जोडणारी तीन हातांची स्पायडर तडकली.

ऑरेंजबर्फी
फिल्टरपर्यंत ठीक आहे, पुढचं पटलं नाही. लोक "ऐकून पाहू" म्हणत तीच मशीन महिनोन्महिने चालवतात. बेअरिंगचा आवाज ही बिघाडाची सुरुवात नसतेच. आधी बेअरिंगला पाण्यापासून वाचवणारं रबरी सील गळतं, पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं, गंज चढतो आणि मग आवाज येतो. त्यानंतरही चालवली तर शाफ्ट झिजतो, मग नुसतं बेअरिंग आणि सील बदलून भागत नाही. वरून कित्येक नव्या मशिनींचे टब जोडून सीलबंद केलेले. ते खोलता येत नाहीत, अख्खा टब बदला म्हणतात. एवढा खर्च ऐकून लोक मशीनच भंगारात देतात. घरघर ऐकली की धुणं थांबवा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा.

बेसारोड
थांबवा, हे मान्य. पण घरघर कोणती आणि खडखड कोणती हे ओळखता आलं तरच थांबवाल ना!

तर्रीपोहे
सगळं बोअरच्या पाण्यामुळे होऊन राहिलं भाऊ. आमच्या सोसायटीत बोअरचंच पाणी, नळाची तोटीसुद्धा पांढरी पडते. महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी येणाऱ्यांना हा त्रास नाही.

जुना_मिस्त्री
हेच काम करत आलो, म्हणून सांगतो जी. जड पाण्याचा पहिला मार हीटरवर बसतो, त्यावर खपली चढते. बेअरिंग जातं ते सील गळून. पाण्याचा दोष आहे, पण तो आडवाटेनं येतो: जड पाण्यात फेस होत नाही म्हणून घरचे पावडर वाढवतात, तीही हातधुलाईची. तिचा चिकटा ड्रमच्या मागे साचतो आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची स्पायडर पोखरतो. मी काढलेल्या कित्येक स्पायडर बोटाने भुगा पडावा इतक्या खाल्लेल्या होत्या. पेंचचं पाणी असणाऱ्या घरांतल्याही होत्या.

सक्करदरा_४
चाकांच्या स्टँडबद्दल कोणीच बोललं नाही! हजार-बाराशे फेऱ्यांचा स्पिन आणि खाली चाकं, मशीन धडधडणारच. काढून टाका तो.

तर्रीपोहे
पावसाळ्यात आमच्या बाल्कनीत पाणी साचतं. स्टँड काढून कसं चालेल?

जुना_मिस्त्री
बिनचाकांचा, रबरी पायांचा घ्या. मशीनचे चारही पाय टेकवून लॉकनट आवळा. एकटी चादर किंवा ब्लँकेट टाकू नका, ते एका बाजूला गोळा होतं. घर बदललं असेल तर प्रवासासाठी मागे लावलेले बोल्ट काढले का तेही पाहा, ते राहिले तर नवी मशीनसुद्धा नाचते.

ऑरेंजबर्फी
आता इथे वाचून कोणी मागचा पत्रा खोलायला बसेल, त्याचं काय? प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ करंट राहतो. घरात लहान मुलं असतात. माझा विरोध याच गोष्टीला आहे.

जुना_मिस्त्री
ताईंचं बरोबर आहे, पत्रा मिस्त्रीनंच खोलावा. पण तेव्हा शेजारी उभे राहा. बेल्टची मशीन असेल तर बेल्ट उतरवून ड्रम हाताने फिरवायला सांगा. तरीही घरघर आली तर आवाज ड्रमकडचा, मोटरचा नाही. सील गळत असेल तर टबच्या मधोमध, शाफ्टच्या खाली बहुतेक वेळा गंजाचा तपकिरी ओघळ दिसतो. ड्रम ढिला नाही, फिरवल्यावर घरघर नाही आणि ओघळही नाही, तर बेअरिंगच्या पैशाला हो म्हणू नका.