मदत हवी आहे: कॉफीच्या पाकिटावरील ‘हवामान-स्नेही’चा अर्थ ग्राहकांना कसा सांगावा?

बोरीकाठ: अमळनेरला आमचे किराणा दुकान आहे. महिन्यापूर्वी ‘हवामान-स्नेही’ अशी हिरवी पट्टी असलेल्या कॉफीची 48 पाकिटे घेतली, त्यांपैकी 5 विकली गेली. परवा एका आजींनी चष्मा लावून पाकीट दोन्ही बाजूंनी वाचले आणि "भाऊ, यामा काय येगळं शे?" असे विचारले. मला उत्तर देता आले नाही, म्हणून त्या नेहमीचेच पाकीट घेऊन गेल्या. काही जण तर पट्टीवरच्या हिरव्या पानाला शाकाहाराची खूण समजतात. माल परत करण्याची मुदत शनिवारी संपते. नेमके काय सांगावे, हे कृपया लवकर कळवावे.

गिरणाखोरे: पट्टी कोणाची आहे, हेच आपण लिहिलेले नाही. रेनफॉरेस्ट अलायन्स या प्रमाणन संस्थेचे बेडकाचे चिन्ह असेल, तर मळ्याची तपासणी त्रयस्थाकडून झालेली असते. कंपनीने स्वतःच पान छापले असेल, तर त्याला तेवढे वजन नाही. किमतीत फरक किती? कॉफी शुद्ध आहे की चिकोरीमिश्रित (म्हणजे चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळलेली)?

सकाळचा कप: चिकोरीचा विषय निघाला म्हणून सांगते. फिल्टरमध्ये पूड फार दाबू नये, उकळते पाणी हळूहळू ओतून झाकण ठेवावे आणि दूध शेवटी घालावे. दुकानात दोन-चार कप करून द्या. चव आवडली की कोणी पट्टी वाचत नाही.

गिरणाखोरे: ताई, त्यांचा प्रश्न चवीचा नाही.

रावेरची बाग: आम्ही केळीला ठिबकने पाणी देतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी व्यापारी भाव ठरवताना घडच पाहतो. पट्टीचे जादा पैसे मळेवाल्यापर्यंत पोहोचतात का, हे आधी विचारा. पोहोचत नसतील, तर माझ्या मते तो माल ठेवूच नये.

गिरणाखोरे: दादा, भौगोलिक मानांकन माल कुठला आहे ते सांगते, हवामानाशी त्याचा संबंध नाही. आपणच दोन्ही एकत्र करतो, मग ग्राहकाचा गोंधळ होणारच.

बोरीकाठ: उशिराबद्दल क्षमस्व. पट्टी कंपनीचीच आहे, बेडूक नाही. 200 ग्रॅमला 60 रुपये जादा पडतात. मागे, जोडाच्या शिवणीजवळ, बारीक अक्षरात ‘कॉफी 70 टक्के, चिकोरी 30 टक्के’ आणि ‘सावलीत पिकवलेली’ एवढेच आहे.

सातपुड्याचा पायथा: चिकमगळूर आणि कोडगूतील बहुतेक कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीतच पिकते, त्यावर मिरीचे वेल चढवलेले असतात. जे पूर्वापार चालत आले आहे, त्यासाठी 60 रुपये जादा का द्यावेत?

गिरणाखोरे: सावलीमुळे झाडे टिकतात, पाखरे टिकतात, हे मलाही मोलाचे वाटते. परंतु नत्रखतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे खताचा हिशोब दिल्याशिवाय ‘हवामान’ हा शब्द वापरणे योग्य नाही. शिवाय दूध घातलेल्या कॉफीच्या कपात हवामानावरील भाराचा मोठा वाटा दुधाचाच असतो आणि तो या पट्टीत कुठेच येत नाही.

कायदा वाचणारा: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘पर्यावरणस्नेही’ यांसारखे मोघम शब्द पुरेशा खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. वितरकाकडे दाव्याचा आधार लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

रावेरची बाग: लेखी मागताना मळेवाल्याला किती मिळते, तेही विचारावे.

बोरीकाठ: दोन्ही प्रश्न आत्ताच वितरकाला पाठवले आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागद आला नाही, तर उरलेली 43 पाकिटे परत करणार आहे. तोवर आजी पुन्हा आल्या, तर कॉफी झाडांच्या सावलीतली आहे असे पाकिटावर लिहिले आहे, तीत तीस टक्के चिकोरी आहे आणि हवामानाचा हिशोब अजून मलाही दाखवलेला नाही, एवढे त्यांना स्पष्ट सांगेन.