मदत हवी आहे: ए३२० शेअर्ड कॉकपिटमध्ये कामं कशी वाटून घ्यायची?

सिम्युलेटरवर आम्ही दोघं ऑनलाइन, एकाच कॉकपिटमध्ये (शेअर्ड कॉकपिट), एअरबस ए३२० विमान उडवतो. अप्रोचला (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) हमखास गोंधळ होतो: ऑटोपायलटचे नॉब दोघंही फिरवतात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलणाऱ्या पट्ट्या) एक पायरी जास्त उतरतात, मधेच 'ड्युअल इनपुट' (दोघंही एकदम स्टिक हलवत असल्याचा इशारा) ऐकू येतं. डावीकडच्याने उडवायचं, उजवीकडच्याने रेडिओ सांभाळायचा, एवढंच ठरलंय.

प्रतिसाद १
आधी डावं-उजवं डोक्यातून काढा. पायलट फ्लाइंग (पीएफ, म्हणजे उडवणारा) आणि पायलट मॉनिटरिंग (पीएम, म्हणजे लक्ष ठेवणारा) ही त्या फ्लाइटपुरती कामं आहेत, पीएफ उजवीकडेही बसतो. मात्र टेकऑफला व्ही१ पर्यंत (म्हणजे टेकऑफ सोडता येईल त्या शेवटच्या वेगापर्यंत) थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्यांवर) हात कॅप्टनचाच, कारण टेकऑफ सोडण्याचा निर्णय त्याचा.

नॉबचं उत्तर ऑटोपायलटवर अवलंबून आहे. चालू असेल तर एफसीयू (हे नॉब असलेलं समोरचं पॅनल) पीएफने फिरवायचं. बंद असेल तर पीएफने सांगायचं, पीएमने फिरवायचं. नॉब ढकलला की मॅनेज्ड (विमानाचा कॉम्प्युटर ठरवतो), ओढला की सिलेक्टेड (तुम्ही लावलेला आकडा पाळला जातो). चूक बहुतेक इथेच होते. म्हणून एफएमएवर (स्क्रीनवरच्या, चालू मोड दाखवणाऱ्या पट्टीवर) बदललेला मोड पीएफने मोठ्याने वाचायचा आणि पीएमने स्वतः बघूनच 'चेक्ड' म्हणायचं.

गिअर (चाकं) आणि फ्लॅपला हात फक्त पीएमचा, तोही पीएफने मागितल्यावर आणि वेग बघून. फ्लॅप २ साठी मर्यादा २०० नॉट, ३ साठी १८५, फुलसाठी १७७. नेटवर्कच्या उशिरामुळे लिव्हर हललेला दिसत नाही, म्हणून बटण पुन्हा दाबलं जातं. तुमची जास्तीची पायरी बहुधा तिथूनच येते. ईकॅमवर (विमानाची स्थिती दाखवणाऱ्या मधल्या स्क्रीनवर) फ्लॅपचा आकडा दिसेपर्यंत थांबा.

प्रतिसाद २
एअरबसमध्ये दोन्ही साइडस्टिकच्या (प्रत्येक पायलटच्या बाजूच्या स्टिकच्या) इनपुटची बेरीज होते. पीएमची जॉयस्टिक मध्यावर थरथरत असेल तरी इशारा येऊ शकतो. डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल न मोजणारा भाग) थोडा वाढवा. पीएमच्या थ्रॉटलची सिममधली जोडणीही (अ‍ॅक्सिस) काढून टाका, नाहीतर दोन सिम एकमेकांशी भांडतात. ताबा देताना-घेताना 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल' दोन्ही वाक्यं व्हायलाच हवीत.

आणि पीएमला रेडिओवाला समजू नका. फायनलवर वेग ठरलेल्यापेक्षा ५ नॉट कमी किंवा १० जास्त झाला, उतरण्याचा दर मिनिटाला १००० फुटांवर गेला, की त्याने लगेच बोलायचं.

मूळ प्रश्नकर्ता
डेडझोन वाढवतो. गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) क्रम काय?

प्रतिसाद १
पीएफ थ्रस्ट लिव्हर टोगावर (टेकऑफ आणि गो-अराउंडच्या पूर्ण जोराच्या जागी) नेत 'गो-अराउंड, फ्लॅप्स' म्हणतो. पीएम फ्लॅप एकच पायरी वर घेतो. विमान खरंच चढताना दिसलं की पीएम 'पॉझिटिव्ह क्लाइंब' म्हणतो, पीएफ 'गिअर अप' मागतो. गिअर त्याआधी नाही.