ऑडिओ सीडी कॉम्प्युटरवर वाजत नाही, तुमचे अनुभव सांगा

माझ्याकडे 3 ऑडिओ सीडी आहेत, बाबांनी आम्हाला लहानपणी गोष्टी वाचून दाखवल्या त्याचं रेकॉर्डिंग, दुसरी कॉपी कुठेही नाही. सीडी प्लेअर बंद पडला म्हणून कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये टाकल्या तर नुसता घरघरतो, तीनचारदा फिरून थांबतो आणि डिस्क टाका म्हणतो. डीव्हीडी मात्र छान चालते. कुणाला असं झालं असेल तर नक्की काय केलंत ते सविस्तर लिहा प्लीज.

*

माझं जरा वेगळं होतं, सीडी फिरायची, प्लेअरमध्ये सेकंद पुढे सरकायचे पण आवाज शून्य. जुना डेस्कटॉप होता. त्यात ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डला एक बारीक 4 पिनची वायर जाते, ऑडिओ सीडीचा आवाज त्या वायरीतून यायचा, आणि मी धूळ साफ करताना ती काढली ती परत लावलीच नव्हती. बाकी सगळे आवाज येतात त्यामुळे तिकडे लक्षच जात नाही. वायर नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सीडी ऑडिओवर टिक करायची, जुन्या विंडोजमध्ये ते असतं.

*

सीडी दिसली तरी घाईने कॉपी-पेस्ट करू नका ही कळकळीची विनंती. मी 18 ट्रॅक पेनड्राइव्हवर कॉपी केले, निवांत झाले, आणि सीडी देऊन टाकली. नंतर बघते तर प्रत्येक फाइल 44 बाइट! ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच, तिचा फॉरमॅट 1980 चा, कॉम्प्युटरच्या फाइलींशी त्याचा संबंध नाही. विंडोज आपल्याला .सीडीए नावाचे शॉर्टकट दाखवतं, आत आवाज नसतो. रिपच करावं लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरने ट्रॅकमधला आवाज वाचून त्याच्या फाइली बनवायच्या. ती सीडी परत मिळाली नाही, अजून वाईट वाटतं.

*

लिनक्सवाल्यांसाठी, सीडी माउंट होत नाही (फोल्डरसारखी उघडत नाही) म्हणून ड्राइव्हला दोष देऊ नका, फाइल सिस्टीमच नाही तर माउंट काय होणार. व्हीएलसी प्लेअरमध्ये डिस्क उघडताना ऑडिओ सीडी निवडा.

*

एक सीडी बर्निंगचं (सीडीवर लिहायचं) सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि ड्राइव्हच गायब, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सगळी सेटिंग्ज ठेवतं ती जागा) अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी उडवून रीस्टार्ट केल्यावर आला. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या मात्र, आणि रजिस्ट्रीत सीडी/डीव्हीडी ड्राइव्हच्याच विभागात (क्लासमध्ये) आहात ना ते दोनदा बघा.

*

धागाकर्तीला, डीव्हीडी चालते आणि सीडी नाही हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सीडीला 780 नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला 650 चा, एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात आणि त्यातला एकच दमू शकतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं, मी महिनाभर ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बदलत बसलो. एक साधी डेटा सीडी टाकून बघ, तीही वाचली नाही तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नकोस, दुसरा ड्राइव्ह मिळव. यूएसबीचा घेतलास तर थेट कॉम्प्युटरला लाव, हबला लावला की पॉवर कमी पडते आणि तोही असाच घरघरतो.

*

आणि सीडी पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही, कारण ट्रॅकच्या दिशेने लांब ओरखडा गेला तर दुरुस्त करणं ड्राइव्हला जड जातं. लेबलच्या बाजूला तर जास्त जपा. खालून 1.2 मिलिमीटर प्लास्टिक आहे, वरून चकचकीत थरावर फक्त लॅकरचा, वार्निशसारखा पातळ लेप. लेबलवर बॉलपेनने नाव लिहिल्यामुळे माझी एक सीडी कायमची गेली.

*

धागाकर्ती: सगळ्यांना मनापासून थँक्यू. डेटा सीडी टाकली, तीही वाचली नाही, म्हणजे लेसरच. मैत्रिणीचा यूएसबी ड्राइव्ह आणला, थेट लावला, 3 पैकी 2 पहिल्या फटक्यात रिप झाल्या. तिसरी पुसून, रिपिंगचा स्पीड सगळ्यात कमी ठेवून रात्रभर चालू ठेवली, शेवटचा ट्रॅक सोडून सगळं आलं. वेव्ह फाइली दोन ठिकाणी ठेवल्यात. दुसऱ्या सीडीत सातव्या ट्रॅकला पान उलटल्याचा आवाज येतो, बाबा थांबतात आणि हळूच विचारतात, "झोपलीस का गं?"