शेवटच्या महिन्यांतली सोनोग्राफी : आपल्याकडचे अनुभव सांगा

वहिनीला आठवा सरत आला. तालुक्याला सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले, "बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी आहे, आठ दिवसांनी या." पुढचा नंबर लागलेला, विचारायला वेळच मिळाला नाही. आईला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुण्या-मुंबईचं वाचून झालं. जिथं मशीन गाठायला येस्टी बदलावी लागते, तिथल्या बायांनी लिहा. मुलगा की मुलगी हा विषय मात्र काढायचा नाही. १९९४ पासून कायदा आहे.

घाटंजी तालुका
आमच्याकडे पाण्याचं नाही, तारखेचं रामायण झालं. तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत एक तारीख, आठव्यातल्या कागदावर तिच्यापुढची. सासूबाई म्हणे, दिवस चुकले. डॉक्टरांनी समजावलं, तारीख पहिलीच धरायची. नंतर मशीन बाळाचं डोकं, पोट न् मांडीचं हाड मोजून अंदाज काढते, आणि बाळं काही एका मापाची नसतात. वजनाचंही तसंच, दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होतं. मला २.६ किलो सांगितलं, आठवड्यानं पोरगी झाली २.९ ची.

आर्वीकडची
पाचव्या महिन्यात वार, म्हणजे प्लासेंटा, खाली पिशवीच्या तोंडाशी होती. नेमका कापसाचा वेचा सुरू, आणि मला ओझं उचलायची मनाई. घरच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली! बत्तिसाव्या आठवड्यात पाहिलं तर वार वर गेलेली. पिशवी वाढते तशी बहुतेकींची जाते म्हणे. माह्या जावेची नाही गेली. तिला आधीच सांगून ठेवलं, रक्त गेलं तर दुखो न दुखो, थेट दवाखाना. सिझरची तारीख ठरवली, रक्ताची सोय केली, मग सारं नीट झालं.

वाशीम जिल्हा
नाळेचा वेढा लिहून आला होता. नॉर्मल झाली. वेढा दिसला म्हणजे सिझरच, असं नाही बाप्पा.

आशाताई, चिखलदरा तालुका
२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, सोनोग्राफीही तिथूनच लिहून मिळते. गाडीसाठी १०२ ला फोन करा. आधार कार्ड न् आधीचे सगळे कागद एका पन्नीत ठेवा. तिथं 'एफ' फॉर्मवर सही किंवा अंगठा लागतो. कोरकू बाया घाबरतात, जमिनीच्या कागदावर घेतात तसा हा अंगठा काऊन? मी वाचून दाखवते, लिंग जाणून घ्यायचं नाही एवढंच त्यात कबूल करायचं असतं. गाव फार आत असेल तर आरोग्य केंद्राच्या माहेरघरात दिवस भरण्याआधीच येऊन राहता येतं. पण घरची गुरं, लहान पोरं सोडून कोणती बाई सुखानं राहते? तिथं माझं बोलणं अपुरं पडतं.

भामरागडकडचा
बायकोचं लिहितो. छत्तिसाव्या आठवड्यात बाळ पायाळू दिसलं. पावसाळा तोंडावर, पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ताच बंद. डॉक्टर म्हणाले, गावात थांबू नका. आलापल्लीला मेव्हण्याकडं नेऊन ठेवली. बाळ नंतर आपोआप फिरलं, तरी नेल्याचा पश्चात्ताप नाही.

ब्रह्मपुरीची
उताणं झोपवलं की मला गरगरायचं, घाम सुटायचा. पोटाला तो थंडगार चिक लावलेला, पडदा डॉक्टरांकडं वळलेला, मला दिसे फक्त छताचा पंखा. लाजून गप्प होती. शेवटी सिस्टरच ओरडली, "बोलत काऊन नाही? डाव्या कुशीवर हो!" पोटाच्या भारानं मोठी शीर दबते म्हणे. कूस बदलताच बरं वाटलं.

वरूडची
वहिनीच्या पाण्याचा आकडा बघ. कागदावर 'एएफआय' लिहिलेलं असतं. पाचच्या खाली म्हणजे खरंच कमी, आठच्या वर असलं तर कमी पाण्याचा घोर नाही. माझं सात होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, अंगावरून पाणी जातं का? मग बीपी पाहिला, नाळेतला रक्तप्रवाह बघायला डॉप्लर केलं, आणि बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेव म्हणाले. हालचाल मंदावली तर आठ दिवसांची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. नारळपाण्यानं सगळं भरून निघतं असं शेजारणी सांगतील. पाणी भरपूर प्यावं हे खरं, पण कारण डॉक्टरांनीच शोधावं.

धागा काढणारी
कागद पाहिला, सहा आहे. अंगावर काही जात नाही, बाळ हलतंय. पण बीपी कोणी मोजलाच नाही. आठ दिवस कशाला थांबू, उद्या पहिल्या येस्टीनं नेते.